पाणीवाली मागे राहिली

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बाईंनी आपली उमेदीची सगळी वर्षं काढली. खोली अरुंद. एका भिंतीलगत लांब ओटा, त्यावर बर्नर, मेणाच्या पट्ट्या, पॉलिशचं चाक आणि प्लास्टरची पांढरी भुकटी, जी आज पुसावी तर उद्या पुन्हा हजर. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे घ्यायचे आणि मागे पाठवायचे. बाई त्यात प्लास्टर ओतून साचा काढायच्या, मेणाच्या हिरड्या घडवून त्यात एकेक दात बसवायच्या आणि तयार झालेली गुलाबी कवळी चाकावर धरून लखलखीत करायच्या. लोक त्यांना कवळीवाल्या बाई म्हणायचे. ‘अर्धी वस्ती हिच्या दातांनी हसते,’ असं त्यांचा नवरा सांगायचा.

या कामात वाट बघणं फार. प्लास्टर घट्ट होईपर्यंत थांबा, मेण निवेपर्यंत थांबा, कवळी गरम पाण्यात शिजून निघेपर्यंत थांबा. दुसरं कुणी असतं तर त्या वेळात गप्पा हाणल्या असत्या. बाईंनी त्या वेळात ‘लांबपल्ला’ लिहिला.

‘लांबपल्ला’ हे एका अंतराळजहाजाचं नाव, आणि त्याच्यावरच्या कादंबऱ्यांचंही. अशा गोष्टी बाई लहानपणापासून वाचायच्या आणि वाचता वाचता चिडायच्या. माणसं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर भाजी आणायला गेल्यासारखी जातात आणि दिवेलागणीला घरी परततात, हे त्यांच्या पचनी पडायचं नाही. म्हणून त्यांनी असं जहाज रचलं की ज्याला पोचायला कित्येक पिढ्या लागणार. जहाजावर माणसं जन्मणार, भांडणार, लग्नं करणार, म्हातारी होणार, आणि निघालेल्यांपैकी कुणीच पोचणार नाही. तिसऱ्या भागात त्यांनी एक नियम घालून दिला. जहाजात इंधन आहे ते एकदाच थांबण्यापुरतं. ते मुक्कामावर पोचल्यावर लागणार. वाटेत कशासाठीही ते वापरलं, तर जहाज मुक्कामाशेजारून सुसाट निघून जाईल आणि सगळे संपतील.

हा नियम वाचकांना भारी आवडला. पुढच्या प्रत्येक भागात कुणी ना कुणी अशा पेचात सापडायचं की आता इंधन वापरतील, नक्की वापरतील असं वाटावं. बाई वापरू द्यायच्या नाहीत. ‘बाई गय करत नाहीत’ हे त्यांचं वाचकांमधलं कौतुक होतं, आणि खोटं कशाला बोला, बाईंना ते गोड लागायचं.

प्रकाशकाचा मूळ धंदा शाळेच्या मार्गदर्शक पुस्तकांचा. ‘लांबपल्ला’ त्याने पहिल्यांदा छापला तो एका वर्षी कागद उरला होता म्हणून. मग तो खपत गेला. फार नाही, पण दर भागाला तेच वाचक इमाने इतबारे परत यायचे आणि सोबत आपली मुलंही आणायचे.

आठव्या भागात पाणीवाली मागे राहिली.

पाणीवाली म्हणजे जहाजावरचं पाणी राखणारी बाई. सांडपाणी गाळून पुन्हा प्यायचं करायचं, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवायचा, पोरं नळ सोडून गेली तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, हे तिचं काम. बोलायला फटकळ, मनाने मऊ. दुसऱ्या भागात बाईंनी तिला एका प्रसंगापुरती आणली होती, पण ती जी ठाण मांडून बसली ती उठलीच नाही. आठव्या भागात जहाजाची मागची टाकी फुटायला आली, तेव्हा ती जहाजापासून तोडणं भाग पडलं. कडी होती टाकीच्या आतल्या बाजूला. पाणीवाली आत गेली, कडी काढली, आणि टाकीचा तो मोठा तुकडा तिला पोटात घेऊन वेगळ्या वाटेला लागला. तिच्याजवळ पाणी भरपूर होतं, पाण्यापासून हवा करता येत होती, शेवाळ वाढवून खाता येत होतं. म्हणजे ती लगेच मरणार नव्हती. वर्षानुवर्षं रेडिओवर जहाजाशी बोलू शकणार होती. तिला आणायला फक्त इंधन नव्हतं.

‘तू तिला टाकीत कोंडलंस आणि वर चहाला बिस्किटं मागतेस,’ ते प्रकरण ऐकून नवरा म्हणाला होता. तो घरीच पडदे आणि सोफ्याचे अभ्रे शिवायचा आणि बाई आपलं लिहिलेलं त्याला शिवणयंत्राच्या खडखडाटात वाचून दाखवायच्या.

तो हसत म्हणाला, पण बाईंच्या ते जिवाला लागलं. नववा भाग शेवटचा ठरला होता. प्रकाशकाने जाहिरातही करून टाकली होती. पण लिहायला बसलं की त्यांचं घोडं पाणीवालीपाशी अडायचं. काय होणार ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. जहाजावरची मुलं रेडिओवर तिच्याकडून पाण्याचं काम शिकणार. तिचा आवाज दर वर्षाला बारीक होत जाणार. जहाज मुक्कामी थांबणार, मुलं पहिल्यांदा आकाशाखाली उभी राहणार, तिला हे सांगायला म्हणून यंत्र तिच्या दिशेला वळवणार, आणि पलीकडून काहीच येणार नाही. हे लिहायला हात होत नव्हता. वर्षामागून वर्षं गेली. प्रकाशक तगादा लावायचा आणि बाई मनगट दुखतंय म्हणायच्या, जे अर्धं खरं होतं. पण एका हिवाळ्यात त्यांनी मनाचा हिय्या केला आणि पुस्तक शेवटच्या दोन प्रकरणांपर्यंत आणून सोडलं.

त्याच दिवसांत एका दुपारी एक बाई थेट मागच्या खोलीत आली. चाळिशीची, ओढलेला चेहरा, खांद्याला कापडी पिशवी.

“ठसा द्यायचा असेल तर पुढे डॉक्टर आहेत,” बाई मान वर न करता म्हणाल्या.

“दातांचं काही नाही. ‘लांबपल्ला’ लिहिता त्या तुम्हीच ना?”

तिचा नवरा क्रेन चालवायचा. शहराच्या कडेला उंच इमारती उठत होत्या, तिथल्या उभ्या क्रेनच्या टोकाला काचेची केबिन असते, त्यात तो दिवसभर बसायचा. खालून इशारा आला की माल उचलायचा, नाही तर वाट बघायची. त्या वाट बघण्यात त्याने ‘लांबपल्ल्या’चे आठही भाग किती वेळा वाचले असतील, त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. आता त्याच्या डोक्यात गाठ निघाली होती. दोन दिवसांनी ऑपरेशन. डॉक्टर बरं होईल म्हणत होते, पण म्हणताना दुसरीकडे बघत होते.

“मी काही वाचलेलं नाही, मला त्यातलं कळत नाही,” ती म्हणाली. “पण हा एकच धोशा लावून बसलाय. पाणीवालीचं काय होतं, तेवढं विचारून ये म्हणतो. तुम्ही मला दोन वाक्यांत सांगा, मी जाऊन सांगते.”

बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. पण त्यांच्या हातातलं मेण तसंच राहिलं. एवढ्या मोठ्या ऑपरेशनला जाणारा माणूस आपल्या पुस्तकाचा शेवट मागतोय, या गोष्टीने त्यांचा ऊर भरून आला. “मी स्वतः येते,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा स्वेटर घातला, केस नीट बांधले आणि बसमध्ये खिडकीशी बसून आपण काय काय बोलू ते मनात जुळवत गेल्या. नंतर त्यांना त्या स्वेटरची फार लाज वाटायची.

हॉस्पिटलातल्या खोलीत तीन खाटा होत्या. क्रेनवाला खिडकीकडच्या. त्याचं डोकं भादरलेलं होतं, त्यामुळे कान मोठे दिसत होते. थोरला भाऊ खिडकीला टेकून उभा होता, बायको पायाशी. बाईंना बघून तो उठून बसायला गेला. सगळ्यांनी मिळून त्याला परत आडवं केलं.

“ताई, तुम्ही कशाला एवढं,” तो म्हणाला. “मी नुसतं विचारलं होतं.”

“असू द्या. मलाही यायचंच होतं.”

थोडा वेळ तो इकडचं तिकडचं बोलला. वारा सुटला की क्रेनची केबिन कशी डुलते, तेव्हा आपण ‘लांबपल्ल्या’तच बसलोय असं कसं वाटतं. भाऊ मध्येच म्हणाला, “आता बरा होऊन परत वर जाशील की,” आणि क्रेनवाला भावाकडे बघून नुसता हसला. मग बाईंकडे वळला.

“पाणीवालीला परत घेतात का?”

खोलीत सगळे बाईंकडे बघायला लागले. शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही कान देऊन होता. खाटेच्या पायाशी उभी त्याची बायको बाईंच्या तोंडाकडे अशी बघत होती की बाईंनी तयार केलेलं सगळं बोलणं विरघळून गेलं.

“घेतात,” बाई म्हणाल्या.

“कसं? इंधन तर नाही.”

“ते आता सांगितलं तर पुस्तक कशाला वाचाल?”

त्याने त्यांच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग उशीला डोकं टेकून डोळे मिटले. “बरं,” तो म्हणाला. “मग ठीक आहे.”

बाहेर जिन्यापाशी त्याच्या बायकोने बाईंचे दोन्ही हात धरले. ती नुसती हात दाबत राहिली. बाई एकेक पायरी उतरताना स्वतःला समजावत होत्या की आपण चांगलं केलं.

“चांगलंच केलंस,” घरी नवराही म्हणाला. “अशा वेळी कुणीही हेच बोललं असतं.”

“मी कुणीही नाही ना पण. शेवट माझ्या हातात आहे, आणि तो तसा नाही.”

“मग तसा कर.”

ऑपरेशनच्या दिवशी बाईंचं कामात चित्त नव्हतं. संध्याकाळी त्यांनी फोन लावला. क्रेनवाल्याची बायको रडत होती, त्यामुळे आधी काही कळेना. मग कळलं की गाठ नीट काढली, तो शुद्धीवर आला, बायकोला ओळखलं आणि पाणी मागितलं. बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. आणि फोन ठेवायच्या आधी, अगदी त्याच क्षणी, त्यांच्या धसकन मनात आलं. आता तो पुस्तक वाचणार.

असा विचार मनात येतो याचा अर्थ काय, हे समजायला त्यांना वेळ लागला नाही. तो जगला नसता तर आपण दिलेल्या शब्दाचं कुणी नाव काढलं नसतं. हे त्यांच्या मनाने आधीच धरून ठेवलं होतं. ‘घेतात’ म्हणताना ते धरूनच त्या बोलल्या होत्या. मेलेला माणूस पुस्तक वाचत नाही, एवढ्या भरवशावर. त्या दिवसापासून बाईंना स्वतःचं तोंड आरशात बघणं अवघड झालं. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगण्याजोगं नव्हतंच ते.

भरपाई म्हणून त्यांनी शेवट बदलायला घेतला. पाणीवालीला परत आणायचंच, असं ठरवून बसल्या. आधी त्यांनी एक दुसरं जहाज आणलं, जे नेमकं त्या वाटेने चाललं होतं. मग जुन्या कोठडीत विसरलेलं इंधन सापडवलं. मग टाकीतलं पाणी तापवून त्याच्या वाफेच्या जोरावर टाकीच वळवता येते का ते पाहिलं. हे त्यातल्या त्यात बरं होतं, पण वळायला पुरेल एवढी वाफ सोडली की तिला श्वासाला आणि प्यायला काही उरत नव्हतं. पोचली असती ती, पण मेलेली. दवाखान्यात त्यांच्या हातून कधी नव्हे त्या चुका व्हायला लागल्या. एका गृहस्थांच्या कवळीत डावीकडचा दात उजवीकडे बसवला, आणि डॉक्टर पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवून बोलले.

प्रकाशक मात्र खूश होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. क्रेनवाल्याच्या भावाने कुणाला सांगितलं, त्याने आणखी कुणाला, असं करत करत वाचकांत बोलबाला झाला की पाणीवाली परत येते, बाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

“आणा तिला परत,” प्रकाशक म्हणाला. “लोक वाट बघतायत. इंधनाबिंधनाचं कोण लक्षात ठेवतं हो.”

“सगळे ठेवतात,” बाई म्हणाल्या.

विसरलेल्या इंधनाचं प्रकरण त्यांनी एका दुपारी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो एक भला मोठा पडदा कापत होता. कात्री चालू राहिली, पण मध्ये तो एकदाही हसला नाही की हूं म्हणाला नाही. वाचून झालं तरी गप्प.

“अहो, काहीतरी बोला.”

“शिवण दिसतेय,” तो म्हणाला.

बाईंनी ते कागद फाडले. नंतर त्यांनी शेवटची दोन प्रकरणं एका दमात लिहून काढली, जशी पहिल्यापासून मनात होती तशी. लिहिताना रडू आलं, पण हात थांबला नाही. कागद प्रकाशकाच्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “छापायला घ्या. पण बाजारात यायच्या आधी मला एके ठिकाणी जाऊन यायचंय.”

क्रेनवाला तिसऱ्या मजल्यावर राहायचा. जिना चढताना बाई दोनदा थांबल्या, आणि दोन्ही वेळा परत फिरावं असं वाटलं. दार बायकोने उघडलं. तिचा चेहरा उजळला. बाईंना तिच्या डोळ्याला डोळा देता येईना.

तो खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. केस पुन्हा उगवले होते, मधून वळ गेलेला. डाव्या हातातला रबरी चेंडू तो दाबत होता. बोटं धड मिटत नव्हती. आता क्रेनवर चढवत नाहीत, खालचं काम देतो म्हणतात, हे त्याने आपणहून सांगितलं. बायको चहा ठेवायला आत वळली.

“वहिनी, तुम्हीही बसा,” बाई म्हणाल्या. “दोघांनाही सांगायचंय.” ती दारातच थांबली. “मी त्या दिवशी खोटं बोलले. पाणीवाली परत येत नाही. पुस्तक पुढच्या आठवड्यात येईल. बाहेरून कळण्याआधी मी सांगावं म्हणून आले.”

चेंडू दाबणारा हात थांबला.

“म्हणजे रस्ता नाही?” त्याने विचारलं.

“नाही.”

“कुठलाच नाही? वाफेचा पण?”

बाई चमकल्या. “वाफेचा मीही मांडून पाहिला. तिला श्वासाला पाणी उरत नाही.”

“हां. मलाही तेच येत होतं.” तो खिडकीबाहेर बघत राहिला. “तुम्ही परत घेतात म्हणालात. म्हणजे बाईंना नियम न मोडता काहीतरी रस्ता सापडला, असं धरून मी ऑपरेशनच्या टेबलावर गेलो. गुंगीचं औषध देईपर्यंत तोच शोधत होतो. घरी आल्यावरही दुसरं काय करणार, दिवसभर तेच. आणि रस्ता सापडेना. तेव्हा मला वाटलं, माझं डोकंच गेलं. बाईंना दिसतो तो रस्ता पूर्वी मला दिसला असता. गाठीबरोबर तेही काढलं असणार, असं वाटलं. हिला कधी बोललो नाही.”

बायको भिंतीला टेकली.

बाईंना वाटलं आपण खुर्चीसकट खाली खाली जातोय. एवढे दिवस त्या स्वतःला बोल लावत होत्या ते फसवल्याबद्दल. फसवल्याने पलीकडे काय होत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. इकडे एक माणूस त्यांच्या एका शब्दापायी आपली अक्कल गेली असं समजून महिनेन् महिने या खुर्चीत बसला होता.

“तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच त्यांना अनोळखी वाटला. “नाहीच आहे रस्ता. तुम्ही बरोबर होता.”

“मग तेव्हा का सांगितलंत?”

“तुम्हाला धीर यावा म्हणून.”

“धीर द्यायला माणसं कमी नव्हती, ताई.” तो चढ्या आवाजात बोलला नाही, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. “डॉक्टर, ही, दादा, शेजारचा म्हातारा पण. सगळे गोड बोलत होते. म्हटलं एक बाई अशी आहे की जी गय करत नाही. ती काय ते खरं सांगेल. पाणीवाली मेली असती तरी चाललं असतं मला. कुणीतरी सरळ बोलायला हवं होतं.”

बाई मान खाली घालून बसल्या.

मग बायको बोलली, आणि तिचा राग वेगळाच होता. “तुम्ही आज आला नसता तर काय बिघडलं असतं? पुस्तकात वाचून घेतलं असतं त्याने. आता कुठे दोन घास जायला लागले होते.”

“अगं, असू दे,” तो म्हणाला. “आल्या ते बरं केलं. निदान माझं डोकं जागेवर आहे हे कळलं.” तो हसायला गेला पण ते जमलं नाही. रबरी चेंडू त्याच्या मांडीवरून घरंगळून बाईंच्या पायाशी आला. बाईंनी तो उचलून दिला. त्याने उजव्या हाताने घेतला.

“आता तुम्ही या, ताई,” तो म्हणाला. “मला जरा पडायचंय.”

पुस्तक बाजारात आलं. प्रकाशक म्हणत होता तसा गोंधळ झालाच. काहींनी दुकानात परत आणून दिलं. एका वाचनालयात कुणीतरी शेवटच्या पानावर ‘फसवणूक’ असं पेनने लिहून ठेवलं. ते बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, “एका अर्थी बरोबर आहे त्यांचं.” दुसरे असेही होते की ज्यांना हा शेवट आठही भागांपेक्षा मोठा वाटला. प्रकाशकाने एक छोटा कार्यक्रम ठेवला. वाचक रांगेत उभे राहिले, बाईंनी सह्या केल्या, लोकांनी विचारलं, आता पुढे काय. बाई प्रत्येकाच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. क्रेनवाला येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी बघत होत्या. कुणी स्तुती केली की त्या मान हलवायच्या आणि मनात वळ गेलेलं एक डोकं यायचं.

“किती दिवस घोकणार आहेस?” घरी परतताना नवऱ्याने विचारलं. “तो वाचला, तू जाऊन सांगून आलीस, झालं.”

“सांगून आले म्हणून झालं असतं तर काय हवं होतं.”

बस येईपर्यंत त्याने त्यांची पिशवी आपल्या हातात घेतली.

पुढचा हिवाळा सरत आला तेव्हा क्रेनवाल्याची बायको पुन्हा दवाखान्यात आली. या वेळी दाढ दुखत होती म्हणून. पुढच्या खोलीत डॉक्टरांनी दाढ भरली. तिचा आवाज ऐकून बाई हातातला साचा धरून तशाच उभ्या राहिल्या. आपण बाहेर जावं की नाही याचा निकाल लागत नव्हता, तेवढ्यात तीच मागच्या दाराशी आली. अर्धा गाल बधिर, त्यामुळे शब्द जडावलेले.

“बरे आहेत?” बाईंनी विचारलं.

“बरा आहे. खालून इशारे देतो आता. लाल पट्टा घालून उभा असतो. वर नवीन मुलगा आहे, त्याच्यावर ओरडत असतो दिवसभर.”

“आणि हात?”

“चालतोय थोडा थोडा.”

बाईंनी हातातला साचा ओट्यावर ठेवला. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. “पुस्तक मिळालं का त्यांना? मी पाठवणार होते, पण…”

“स्वतः जाऊन घेऊन आला. वाचलं. दोनदा वाचलं बहुतेक.”

“काही म्हणाले?”

“नाही. वाचून झाल्यावर बाकीच्यांच्या शेजारी लावून ठेवलं.” ती बाईंकडे बघत होती, राग होता की नाही कळत नव्हतं. “मी विचारलं, कसं आहे. तर म्हणाला, तूच वाच.”

“मी एकदा येऊन जाऊ का?”

“एवढ्यात नको,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “कधीतरी या. मी सांगेन.”

बाईंनी मान हलवली. तिने पिशवी खांद्यावर सारखी केली, पण गेली नाही.

“मी पहिला भाग घेतलाय वाचायला,” ती म्हणाली. “निम्मा झाला. पाणीवाली अजून आलीच नाही त्यात.”

“दुसऱ्या भागात येते.”

“नक्की येते ना?”

ती थट्टा करत नव्हती. बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

“येते,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या प्रकरणात. छापलेलं आहे, वहिनी. उघडून बघा.”